पाटीवर काय लिहावे?

दान करावे ते या हाताचे त्या हाताला कळू नये, असे माझी आई म्हणत असे. दिवाळीत फराळाचे एक ताट पदराखाली झाकून ती मागच्या दाराने कोणाच्या तरी घरी नेई. कोणाच्या, ते आम्हा मुलांना शेवटपर्यंत कळले नाही. अशा बाईच्या मुलावर दुसऱ्याचे दान चारचौघांत मांडून दाखवण्याचे काम यावे, याला योगायोग म्हणावे की थट्टा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

झाले ते असे. यंदा श्रावणातल्या एका दुपारी आमच्या महाविद्यालयात एक तरुण गृहस्थ मला शोधत आले. एका कारखान्याने चालवलेल्या फाउंडेशनचे ते अधिकारी. कारखान्याचे नाव मी सांगत नाही. पिंपरीपासून चाकणपर्यंत कारखाने इतके आहेत, की वाचकांनी तर्क लढवूनही हाती काही लागायचे नाही. त्यांच्या फाउंडेशनने आजवर ज्या कामांना मदत केली, त्यांचे एक प्रदर्शन चिंचवडला भरायचे होते. बारा मोठे फलक, प्रत्येकावर छायाचित्रे आणि खाली मजकूर. इंग्रजी मजकूर तयार होता. त्याचे कोणाकडून तरी करून घेतलेले मराठीही त्यांनी माझ्यापुढे ठेवले. पहिलेच वाक्य होते, “लाभार्थी महिलांचे सक्षमीकरण घडवून आणण्यात आलेले आहे.”

“सर,” ते ओशाळून म्हणाले, “हे आमच्याच बायकांना कळत नाही. तुम्ही जरा माणसांच्या मराठीत लिहून द्याल का? मानधन देऊ.”

माणसांच्या मराठीसाठी कोणीतरी मराठीच्या प्राध्यापकाकडे यावे, हा प्रसंग आमच्या आयुष्यात फार वेळा येत नाही. मी फुशारून गेलो. मानधन नको म्हणालो. माझेही हे दानच समजा, असेही वर म्हणालो. त्या वाक्याची शिक्षा मला पुढे व्हायची होती.

या फाउंडेशनांचा उगम कसा झाला, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, तेव्हा भोवती शेते होती. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि माळरानांचे भूखंड झाले. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पुढे जागा अपुरी पडली तसे कारखाने कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणकडे सरकले. समाजासाठी काही करणारे कारखानदार तेव्हाही होते. पण करणे न करणे त्यांच्या मर्जीवर होते. २०१३ सालच्या कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमाने ही मर्जी कर्तव्यात बदलली. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झाले. आपल्याकडे त्याला सगळे सी.एस.आर. म्हणतात. सरपंचांनाही आता या तीन अक्षरांचा अर्थ विचारावा लागत नाही.

तेव्हा माझ्या आईचा नियम इथे लावून चालत नाही. हे पदराखालचे ताट नव्हे. मंजूर केलेली कामे कंपनीने आपल्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येतील अशी ठेवली पाहिजेत, असा नियमच आहे. आणि मला तो योग्य वाटतो. गुप्तदान हे देणाऱ्याच्या अहंकारावरचे औषध आहे. परंतु हजारो हातांनी मिळवलेल्या नफ्यातला वाटा जेव्हा बाहेर पडतो, तेव्हा तो कुठे गेला हे विचारण्याचा हक्क त्या हातांना असतो. दाखवावे की नाही, हा प्रश्नच नाही. काय दाखवावे, हा प्रश्न आहे. आणि तो वाटतो तितका सोपा नाही.

लिहिण्यापूर्वी ही कामे एकदा डोळ्यांनी पाहावीत म्हणून मी दोन शनिवार मोडले. शनिवारी शाळा सकाळची असते. चाकणच्या पुढे एका जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. तिथे फाउंडेशनने पिण्याच्या पाण्याचे यंत्र बसवले होते. स्टीलची मोठी टाकी, चार नळ आणि वर काळ्या ग्रॅनाइटची पाटी. पाटीवर कारखान्याचे नाव, उद्घाटनाची तारीख, उद्घाटक साहेबांचे नाव आणि हुद्दा, प्रमुख पाहुण्यांची नावे. सगळे वाचून होईपर्यंत मला तहान लागली. मी नळ सोडला. पाटी लखलखीत होती. नळ कोरडा होता.

“मशीन उत्तम आहे हो, सर. कुणाला नाव ठेवायला नको,” मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. “दोन वर्षं पोरं पोटभर पाणी प्यायली. मग मेम्ब्रेन गेलं. ते बदलायला कुणाला फोन करायचा, तेवढंच नेमकं पाटीवर नाही.”

त्या हसत होत्या, परंतु मला हसू आले नाही. उद्घाटन करणाराचे नाव दगडात कोरले होते आणि दुरुस्ती करणाराचे नाव कागदावरही नव्हते. कोपऱ्यात मुलांच्या पाण्याच्या बाटल्या ओळीने ठेवल्या होत्या. घरून भरून आणलेल्या.

दुसऱ्या शनिवारी शिवणवर्ग पाहिला. तो झकास चालला होता. दहा-बारा बायका शाळांचे गणवेश शिवत होत्या आणि शिकवणाऱ्या बाई कापड बेतताना एक बोटभर तुकडाही वाया जाऊ देत नव्हत्या. प्रदर्शनासाठी काढलेल्या छायाचित्रात मात्र या बाई नव्हत्या. त्यात एक पाहुणे शिवणयंत्राच्या चाकावर हात ठेवून कॅमेऱ्याकडे पाहत होते.

परत येताना मला कार्ल्याच्या लेण्याची आठवण झाली. दर हिवाळ्यात मी बी.ए.च्या मुलांना तिथे नेतो. चिंचवडहून लोकल पकडायची, मळवलीला उतरायचे आणि मग पायपीट करत डोंगर चढायचा. पुढे एकवीरेचे देऊळ, मागे दोन हजार वर्षांपूर्वीचे ते भव्य चैत्यगृह. मुले खांबांवरचे हत्ती आणि स्वार पाहतात. मी त्यांना खांबांवरची अक्षरे दाखवतो. ब्राह्मी लिपीतली ती अक्षरे म्हणजे आपल्या भागातल्या जुन्यात जुन्या दानपाट्यांपैकी आहेत. हा खांब अमक्याने दिला, तो तमक्याने दिला. धेनुकाकट गावच्या यवनांचीही नावे आहेत. बढाईसुद्धा आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने, आपण पुरे केलेले हे शैलगृह साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे, असे खुशाल कोरून ठेवले आहे. आजच्या जाहिरातवाल्यांनी भूतपालाला गुरू मानावे.

परंतु त्याच लेण्यात आणखी एक लेख आहे आणि मला तो भूतपालाच्या लेखापेक्षा मोठा वाटतो. धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचा. वेणुवासाचा मुलगा सामी, त्याने हे द्वार केले, एवढीच ती नोंद. पैसा देणाऱ्यांच्या ओळीत काम करणाराही उभा आहे, बापाच्या नावानिशी. दोन हजार वर्षांनंतर भूतपालाची संपत्ती कुठे गेली ते कोणी सांगू शकत नाही. सामीचे काम मात्र आपण पाहू शकतो.

आणि दुसऱ्या टोकाला आपले देहू आहे, याच कारखान्यांच्या शेजारी. १६३०च्या दुष्काळात घरदार होरपळल्यावर तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. घेणेकऱ्याने देणेकऱ्यांची नावेच पाण्यात सोडून दिली. या पट्ट्यात याहून मोठे दान झाले नसेल. आणि त्याच्या पाटीवर असते काय, तर ज्यांना कर्ज माफ झाले त्यांची यादी! तीच तर तुकोबांनी बुडवली.

हे सगळे मला ठाऊक होते. वर्गात मी ते रंगवून सांगतो. तरीसुद्धा रात्री टेबलाशी बसून फलक लिहायला घेतले तेव्हा माझ्या लेखणीने जे करायचे तेच केले.

अकरा फलक बरे झाले. बारावा शिष्यवृत्तीचा होता. ज्या मुलीवर तो होता, ती माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. फाउंडेशनने तिची तीन वर्षांची फी भरली होती, बी.कॉम. होऊन ती आता चाकणला एका वाहतूक कंपनीत हिशेब पाहते. ओळखीच्या मुलीवर लिहायचे म्हणून मी विशेष मन लावले. शीर्षक दिले ‘अंधारातून प्रकाशाकडे’. आणि पहिले वाक्य लिहिले, “अठराविश्वे दारिद्र्यात खितपत पडलेल्या एका कुटुंबात जन्मलेली ही कन्या...” वाक्याला काय तोल होता! मी ते दोनदा मोठ्याने वाचले आणि समाधानाने झोपलो.

फाउंडेशनच्या त्या तरुणाने एक चांगली गोष्ट केली. छापण्यापूर्वी फलकाचे चित्र त्याने तिला फोनवर पाठवले आणि तुमची संमती आहे ना, असे विचारले. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती थेट महाविद्यालयात आली. माझ्यासमोर बसली आणि फोन पुढे ठेवला.

“सर, हे तुम्ही लिहिलंय?”

“हो. कसं वाटलं?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, आमच्याकडे गरिबी होती, ती काही मी लपवत नाही. त्यांनी फी भरली नसती तर माझं शिक्षण बारावीलाच थांबलं असतं, हेही खरं. पण खितपत कोणी पडलं नव्हतं. आई पहाटे साडेचारला उठून डबे करायची. बाबा डबल पाळी करायचे. पडायला वेळ कोणाला होता?”

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते.

“आणि हा फोटो. दाराबाहेरचं गटार घेतलंय. गटार आहे, सर, पण ते आमचं नाही, सगळ्या गल्लीचं आहे. दारात रांगोळी होती त्या दिवशी. ती नाही घेतली.”

मग तिने मला जे सांगितले, ते तीन वर्षे माझ्या वर्गात बसूनही तिने कधी सांगितले नव्हते. आणि मीही कधी विचारले नव्हते. तिचे वडील एका छोट्या वर्कशॉपमध्ये कंत्राटी कामगार होते. पत्रा दाबणाऱ्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. त्यांचे ई.एस.आय.चे कार्ड निघाले ते अपघातानंतर. बोटे गेल्यावर यंत्रावरचे काम गेले, रखवालदारी आली, पगार निम्मा झाला. ती तेव्हा बारावीत होती. गरिबी त्यांच्या घरात जन्मापासून खितपत पडलेली नव्हती. ती एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट पाळीत, याच पट्ट्यातल्या एका यंत्रातून आली होती. माझ्या फलकावर दारिद्र्य होते, त्याचे कारण नव्हते. अठराविश्वे म्हटले की कारण सांगावे लागत नाही. दारिद्र्य आभाळातून पडल्यासारखे होते आणि देणारा आभाळातून उतरल्यासारखा.

“मग काय लिहू?” मी विचारले.

“बाबांना वाचून दाखवता येईल असं लिहा, सर. ते येणार आहेत प्रदर्शनाला.”

ती गेली आणि मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. पंचवीस वर्षे मराठी भाषेच्या सहवासात घालवून मला जी कसोटी सुचली नाही, ती या हिशेब लिहिणाऱ्या मुलीने एका वाक्यात सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्या तरुण अधिकाऱ्याला बोलावले. तो वाईट माणूस नव्हता. समाजकार्याची पदवी घेऊन तो मनापासून या कामात आलेला होता. त्याने आपली अडचण मोकळेपणाने सांगितली. “सर, मोठे साहेब येणार, प्रत्येक फलकापुढे दोन मिनिटं थांबणार. तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. तरच पुढच्या वर्षी शिष्यवृत्त्या चालू राहतील. दुरुस्तीचंही तसंच. नवीन यंत्राला फीत असते, मेम्ब्रेनला फीत नसते.”

त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. मी त्याला म्हणालो, नाव लावण्याला माझी हरकत नाही. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली पाच विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ सुरू केले. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाई दामोदर ठाकरसींचे, नाव लागले. त्या नावाने आजवर एकाही मुलीची मान खाली गेली नाही. कारण पाटीवर देणाऱ्याची आई आहे, घेणाऱ्या मुलींचे दैन्य नाही. उलट, साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजला आपले नाव देण्याच्या अटीवर एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली, तेव्हा कर्मवीर भाऊराव पाटलांनी ती नाकारली, अशी आख्यायिका सांगतात. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी घरोघरच्या बायका दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढत. मुष्टिफंडाच्या त्या मुठींना कुठली पाटी होती? दोघेही मोठे. एकाने नाव घेतले, एकाने नाकारले. पण घेणाऱ्याला लहान करून पैसा मिळवणे दोघांनाही मान्य झाले नसते.

“आणि हे पाहा,” मी म्हणालो, “तुमच्या कायद्यातही शहाणपण आहे. ज्या कंपनीवर वर्षाला सरासरी दहा कोटी किंवा त्याहून अधिक खर्चाची जबाबदारी आहे, तिने एक कोटी किंवा त्याहून मोठ्या कामाची, ते पुरे होऊन किमान एक वर्ष लोटल्यावर, बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून घ्यावी, असा २०२१ पासून नियम आहे ना? काम संपल्या दिवशी नव्हे, वर्षानंतर. मग मोठ्या कामाला जो न्याय, तो तुमच्या चार नळांना का नको? फलकावर उद्घाटनाची तारीख आहे. तिच्या खाली ‘आज पाणी येते का’ याची तारीखही टाका.”

तो हसला. “साहेब रागावतील.”

“कदाचित. पण एखादे वेळी त्यांनाही हे कोणीतरी सांगायला हवे असेल.”

आम्ही दोन संध्याकाळी बसलो. शिवणवर्गाच्या फलकावर पाहुण्यांऐवजी शिकवणाऱ्या बाईंचे छायाचित्र आले, नावासह. त्या बाईंना विचारून, अर्थात. पाण्याच्या फलकावर लिहिले, की हे यंत्र दोन वर्षे चालले, सध्या बंद आहे, दुरुस्ती हाती घेतली आहे. हे वाक्य वाचून त्याने दोनदा पेन उचलले आणि दोनदा खाली ठेवले. शेवटी वरिष्ठांना विचारून आला. मेम्ब्रेन आठ दिवसांत बसले! नाही तर ‘दुरुस्ती हाती घेतली आहे’ हे वाक्य खोटे ठरले असते. खरे लिहिल्याने इतका तातडीचा लाभ होतो, हे मला साहित्यशास्त्रात कोणी शिकवले नव्हते. ‘अंधारातून प्रकाशाकडे’ गेले. त्या जागी मुलीचे नाव आले आणि खाली साधी चार वाक्ये. वडील काय काम करत होते, अपघात कसा झाला, फी कोणी भरली, ती आता काय करते. वर्कशॉपचे नाव वगळावे लागले. ते मला खटकले आणि अजूनही खटकते. छायाचित्रात ती आपल्या कचेरीत टेबलाशी बसली आहे. गटार गेले. रांगोळीचाही आग्रह तिने धरला नाही.

प्रदर्शन दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात झाले. मोठे साहेब आले, फलकांपुढून फिरले. पाण्याच्या फलकापुढे ते दोन मिनिटांहून बरेच जास्त थांबले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले नाही; त्यांनी अधिकाऱ्याला जवळ बोलावून काहीतरी विचारले, एवढेच मी दुरून पाहिले. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईही आल्या होत्या. त्यांनी आपल्या शाळेत ग्रॅनाइटच्या पाटीशेजारी एक लहान फळा टांगला आहे आणि त्यावर खडूने मेम्ब्रेन बदलल्याची तारीख आणि मेकॅनिकचा फोन लिहिला आहे, असे त्यांनी मला सांगितले. भूतपालाच्या शेजारी शेवटी सामी येऊन उभा राहिला म्हणायचा.

दुपारनंतर गर्दी ओसरल्यावर ती मुलगी आई-वडिलांना घेऊन आली. वडील इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. उजवा हात त्यांनी खिशात ठेवला होता. बाराव्या फलकापुढे ते उभे राहिले आणि एकेक शब्द जुळवत, ओठ हलवत वाचू लागले. मी जवळच होतो. परीक्षेचा निकाल लागताना विद्यार्थ्याला काय वाटते, ते मला इतक्या वर्षांनी पुन्हा कळले.

वाचता वाचता एका शब्दाशी ते अडले. खिशातला हात बाहेर आला आणि उरलेल्या बोटांपैकी एक त्यांनी त्या शब्दावर ठेवले.

“सर, हे ‘दाबयंत्र’ म्हणजे काय?”

मी म्हणालो, “तुम्ही ज्याच्यावर काम करत होता, ते.”

“पॉवर प्रेस का?” ते हसले. “मग प्रेस म्हणा की. दाबयंत्र म्हटल्यावर आमच्या लोकांना वाटायचं उसाचा चरक आहे.”

मुलगी तोंडाला पदर लावून हसू लागली. तिची आईही हसली. मी खिशातून पेन काढले, त्या गुळगुळीत फलकावर ‘दाबयंत्र’ खोडले आणि वर माझ्या गिचमिड अक्षरात ‘पॉवर प्रेस’ लिहिले. तरुण अधिकारी धावत आला. पण पाहून काही बोलला नाही.

“आता बरोबर आहे,” वडील म्हणाले, आणि पहिल्यापासून पुन्हा वाचू लागले. या वेळी मोठ्याने.